शंभर अब्ज आणि वाफाळती पेज

मुलांनो, आधी एक कोडं घालतो. शंभर अब्ज जण एकदा माझ्या घरी राहायला आले. चंदेरी पाकिटांत बसून आले, सोबत बर्फाची पिशवी, काय तो थाट! दारात पाऊल ठेवलं तेव्हा त्यांतले बहुतेक सगळे जिवंत होते. आठवडाभरात जवळजवळ सगळे मेले. घरात विष नव्हतं, आग लागली नव्हती, कुणाचं त्यांच्याशी वैरही नव्हतं. मग त्यांना मारलं कोणी?

उगाच ताणत बसत नाही, मारेकऱ्याचं नाव सांगूनच टाकतो. मी मारलं. मी, अनंत आजगावकर, वय शहात्तर, मुक्काम सावंतवाडी, निवृत्त खगोलशास्त्रज्ञ. आता कसं मारलं ते तुम्ही शोधा. मला स्वतःला ते शोधायला माझ्या बारा वर्षांच्या नातीची मदत घ्यावी लागली. आणि ते कळलं तेव्हा तिचं जे नुकसान व्हायचं ते होऊन गेलं होतं.

नातीचं नाव शाल्मली, घरात शालू. तिचे आईबाबा कारवारच्या बंदरावर नोकरीला, ते महिन्यातून एकदा येतात. बाकीचे दिवस घरात आम्ही दोघंच. स्वयंपाक माझ्याकडे आणि दहीसुद्धा माझ्याकडे. मी दही लावतो ना, ते सुरीनं कापावं असं लागतं. ही बढाई नीट लक्षात ठेवा, पुढे तीच माझ्या अंगाशी येणार आहे.

ही गोष्ट २०६१ सालची. वेंगुर्ल्याच्या बंदरापासून अकरा किलोमीटरवर, समुद्राच्या तळाशी, ‘जलघर’ नावाची प्रयोगशाळा नुकतीच सुरू झाली होती. तिथे आठ माणसं आठ-आठ दिवस राहतात आणि काम करतात. त्या वर्षी पहिल्यांदाच सहा मुलांना नेणार होते. अट एकच, वय बाराच्या वर नको. शालूला पुढच्याच महिन्यात तेरा पूर्ण होणार होती. म्हणजे तिला हीच संधी, पुढच्या वर्षी नाही की कधीच नाही.

शेकडो मुलांतून तिची निवड झाली ती तिच्या प्रयोगामुळे. प्रयोग काय, तर समुद्राखाली दही लागतं का! हसू नका. जलघरातली हवा आपल्या हवेपेक्षा जास्त दाबाखाली असते. त्या दाबात विरजणातले सूक्ष्मजीव (नुसत्या डोळ्यांना न दिसणारे इवलेसे जीव) नेहमीसारखं काम करतात का, हे तिला बघायचं होतं. त्यासाठी तिनं एक दहीपेटी बनवली होती. आत पाच पेले ठेवायचे, पेटी आतली ऊब सारखी राखते आणि दूध किती घट्ट झालं ते टिपत जाते. विरजण मात्र आमच्याच घरचं, माझ्या हातचं. “आजोबा, तुमचं दही समुद्रात जाणार,” असं म्हणत ती घरभर नाचली होती.

निघायला दहा दिवस होते. समुद्रात पोहण्याचा सराव करताना खडकावरचं कालव (खडकाला चिकटून वाढणारा शिंपला) तिच्या तळपायात घुसलं. कालवाची धार तुम्हाला माहीत असेल तर वेगळं सांगायला नको. दुसऱ्या दिवशी पाय टम्म सुजला. डॉक्टर मुल्लाबाईंनी जखम धुतली आणि पाच दिवसांचं प्रतिजैविक (जिवाणूंना मारणारं किंवा त्यांची वाढ रोखणारं औषध) लिहून दिलं.

“हे पायातल्या जिवाणूंना मारील,” बाई म्हणाल्या, “पण त्याला पत्ता कळत नाही हो. पोटातल्या चांगल्या जिवाणूंनाही ते झोडपतं. हिच्या पोटाला हे पूर्वी दोनदा बाधलंय, म्हणून सोबत ही पुडी देते. सकाळी एक, संध्याकाळी एक. प्रोबायोटिक (उपयोगी पडतील असे जिवंत सूक्ष्मजीव) आहे.”

चिठ्ठी घेऊन मी नाक्यावरच्या मेडिकलमध्ये गेलो. तिथे गल्ल्यावर एक यंत्रमानव असतो, त्याला सगळे सेवकराव म्हणतात. सेवकरावांनी डॉक्टरांची पुडी पुढे ठेवली. त्यावर लिहिलं होतं, पाच अब्ज. शेजारच्या काचेच्या शीतकपाटात मात्र चंदेरी पाकिटांचा एक डबा झळकत होता. त्यावर लिहिलं होतं, शंभर अब्ज! चौदा प्रकारचे जिवाणू!

इथे माझी चूक समजून घ्या. मी जन्मभर तारे मोजले. आपल्या आकाशगंगेत तारे किती, तर कमीत कमी शंभर अब्ज. हा आकडा दिसला की मला घरचं माणूस भेटल्यासारखं वाटतं. माझी नात समुद्राच्या तळाशी जाणार आणि मी तिला पाच अब्जांवर भागवू? छे! काहीतरीच काय!

“शंभरवालं दे,” मी म्हणालो.

“आजोबा, हे कुणासाठी आणि कुठल्या तक्रारीसाठी ते सांगाल का?” सेवकरावांनी सुरू केलं. “प्रोबायोटिक निवडताना आकड्याआधी…”

“मला शिकवू नकोस. तुझ्यासारखी यंत्रं मी दुर्बिणीला जोडत होतो,” असं म्हणून मी त्याच्या छातीवरचं आवाजाचं बटण दाबलं. तो गप्प झाला. तोंड हलत होतं बिचाऱ्याचं, आवाज नव्हता. डॉक्टरांची पुडीही त्यानं पिशवीत टाकली. ती मी घरी आल्यावर खणात सारली.

मग दुसरी चूक. चंदेरी पाकिटं बर्फासारखी गार होती. आजारी पोराला फ्रिजमधलं गारेगार काही द्यायचं नाही, हे आमच्याकडे ठरलेलं. सर्दी होते, घसा बसतो. म्हणून मी डबा फ्रिजमध्ये ठेवलाच नाही. शेगडीच्या वरच्या फळीवर ठेवला, छान उबेला! रोज सकाळी उकड्या तांदळाची पेज करायची, वाफाळती पेज ताटलीत ओतायची, पाकीट फोडून त्यात घालायचं आणि खळाखळा ढवळायचं. प्रतिजैविकाची गोळीही त्याच घासाला. एकदाच काय ते उरकलं, म्हणून मी खूश.

“आजोबा, इतकं गरम?” शालूनं पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

“गरमच घे. पोटाला शेक बसतो,” मी म्हणालो. तिला पुढे बोलायचं होतं हे मला दिसलं होतं, पण मी पळी घेऊन आत वळलो.

तिसऱ्या दिवशी तिचं पोट बिघडलं. चौथ्या दिवशी आठ वेळा जावं लागलं. डॉक्टरबाई येऊन तपासून गेल्या. साखर-मीठ-पाणी देत राहा म्हणाल्या आणि विचारलं, “पुडी देताय ना?” मी म्हटलं, “देतोय की!” खोटं नव्हतं ते, पण खरंही नव्हतं. पाय बरा झाला, गोळ्यांचे पाच दिवस झाले, पोट मात्र ढवळतच राहिलं.

जलघराचा नियम कडक होता. निघण्याआधीचे तीन दिवस पोट पूर्ण ठीक हवं. सोमवारी निघायचं होतं आणि शनिवारी सकाळी तब्येतीचा अर्ज पडद्यावर आला. ‘गेल्या तीन दिवसांत जुलाब झाले का?’ खाली दोन चौकोन, हो आणि नाही.

त्या दिवशी तिला जरा बरं वाटत होतं. पहाटे एकदाच जाऊन आली होती. माझं बोट ‘नाही’वर गेलं. खरं सांगतो मुलांनो, गेलं. मी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

तिनं माझा हात धरला. “आजोबा, तिथे आठ माणसं आणि एकच संडास. पाणीसुद्धा तेच गाळून गाळून वापरतात. माझ्यामुळे सगळे आजारी पडले तर?” मग ती थांबली आणि हळूच म्हणाली, “‘हो’वर दाबा.”

मी दाबलं. दहा मिनिटांत उत्तर आलं. तिच्या जागी राखीव यादीतली मालवणची रोझलिन फर्नांडिस जाणार होती. खोलीत जाऊन शालूनं भरलेली बॅग उघडली आणि एकेक कपडा परत कपाटात ठेवला. मी दारात उभा होतो. मला आत जायचा धीर झाला नाही.

दुपारी ती डोळे लाल घेऊन बाहेर आली ती थेट स्वयंपाकघरात. प्रश्न पडला की तिला रडतासुद्धा येत नाही. “आजोबा, शंभर अब्ज रोज पोटात जात होते. मग ते करत काय होते?” असं म्हणत तिनं फळीवरचा डबा खाली घेतला. डबा हाताला ऊन लागत होता. तिनं डब्याकडे पाहिलं, शेगडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“हे इथे होतं? फ्रिजमध्ये नव्हतं?”

“गार द्यायचं नसतं ना…” मी पुटपुटलो.

“आजोबा, तुम्ही उकळत्या दुधात विरजण घालता?”

कप्पाळ माझं! गेली चाळीस वर्षं मी रोज दुधात बोट बुडवून बघतो. चटका बसला तर थांबतो. दूध कोमट झाल्याशिवाय विरजण लावायचं नाही, नाहीतर विरजण मरतं, दही लागत नाही. हे मला कुणी शिकवावं लागत नाही. आणि त्याच हातांनी मी चंदेरी पाकीट वाफाळत्या पेजेत ओतत होतो. का, तर पाकिटावर औषधासारखी अक्षरं होती. औषध म्हटलं की ती भुकटी, निर्जीव वस्तू. आत कुणी जिवंत असेल हे माझ्या टाळक्यातच आलं नाही!

“नुसतं वाटून उपयोग नाही,” शालू म्हणाली. “बघायला हवं.” आणि जलघरात न्यायची तिची दहीपेटी तिनं टेबलावर ठेवली. पेटी आता समुद्रात जाणार नाही असं आम्हा दोघांनाही वाटत होतं.

ताजा डबा हवा होता म्हणून मी पुन्हा मेडिकलमध्ये गेलो. सेवकराव अजून गप्पच. गेला आठवडाभर येणारी-जाणारी माणसं खुणांनी औषधं घेत होती की काय कोण जाणे. मी बटण दाबलं आणि म्हणालो, “सेवकराव, त्या दिवशीचं वाक्य पुरं करा.”

“प्रोबायोटिक निवडताना आकड्याआधी वाण बघा,” त्यानं जिथे सोडलं होतं तिथूनच उचललं. “वाण म्हणजे एकाच जातीच्या सूक्ष्मजीवांतला नेमका प्रकार. आपल्याकडे आंबा म्हटलं की पुरत नाही, हापूस की पायरी ते सांगावं लागतं. एक वाण एका तक्रारीवर उपयोगी ठरतो, दुसरा ठरत नाही. ज्या तक्रारीसाठी घ्यायचं, तिच्यावर तो वाण माणसांत तपासलाय का ते विचारा. या डब्यावर चौदा प्रकार लिहिलेत, पण एकाचाही वाण लिहिलेला नाही. आणि शंभर अब्ज हा आकडा कधीचा ते बारीक अक्षरांत आहे.”

मी चष्मा काढून डबा नाकाला लावला. ‘बनवतेवेळी’ असं लिहिलं होतं. म्हणजे कारखान्यातून निघताना शंभर. मुदत संपेपर्यंत किती टिकतील, याबद्दल चकार शब्द नाही.

“डब्यावर थंड ठेवा असं लिहिलंय, म्हणजे थंडच ठेवायला हवं. काहींना थंडी लागत नाही, तेही डब्यावरच लिहिलेलं असतं,” सेवकराव बोलत राहिले. “गरम पदार्थात घालू नका. जिवाणूंचं प्रोबायोटिक आणि प्रतिजैविक यांत निदान दोन तासांचं अंतर ठेवा. आणि फार आजारी, फार अशक्त माणसाला किंवा तान्ह्या बाळाला हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊच नका. वाक्य संपलं. लागलेला वेळ, पाऊण मिनिट.”

पाऊण मिनिट! माझ्याकडे पाऊण मिनिट नव्हतं त्या दिवशी. मी निवृत्त माणूस, दिवसभर वर्तमानपत्र उलटंपालटं करणारा!

रविवारी सकाळी सातला आम्ही प्रयोग मांडला. दूध उकळून कोमट केलं. पहिल्या पेल्यात दूध आणि फ्रिजमधल्या ताज्या पाकिटाची भुकटी. दुसऱ्यात दूध आणि फळीवरच्या पाकिटाची. तिसऱ्यासाठी शालूनं ताजं पाकीट आधी वाफाळत्या पेजेत ढवळलं आणि मग त्यातलं चमचाभर दुधात घातलं. चौथ्यात ताजी भुकटी आणि सोबत पट्टीत जादा आलेली प्रतिजैविकाची गोळी कुटून. पाचवा पेला डॉक्टरबाईंनी सुचवलेला, वेगळा होता. त्यात दूध नव्हतं, साखरेचं पाणी होतं, तीच कुटलेली गोळी होती आणि खणात पडून राहिलेली डॉक्टरांची पाच अब्जवाली पुडी. (उरलेलं औषध घेऊन असले प्रयोग तुम्ही एकट्यानं करू नका. आमच्याबरोबर व्हिडिओवर डॉक्टरबाई होत्या.)

संध्याकाळी पाचला पेटी उघडली. पहिल्या पेल्यात दही लागलं होतं, घट्ट. दुसऱ्यात पातळ, फुळकवणी काहीतरी, म्हणजे फळीवर थोडेच तगले होते. तिसऱ्यात दूधच. चौथ्यातही दूधच. आणि पाचवा पेला? त्यावर फेसच फेस! तो काठावरून उतू जाऊन पेटीत सांडला होता.

“गोळी असूनही हे कसे जगले?” मी विचारलं.

“कारण ते जिवाणू नाहीतच,” डॉक्टरबाई पडद्यावरून म्हणाल्या. “ते यीस्ट आहे, म्हणजे किण्व (पाव फुगवणाऱ्या बुरशीचं भावंड). प्रतिजैविक जिवाणूंवर काम करतं, किण्वावर नाही. साखर खाऊन ते वायू सोडतं, त्याचाच हा फेस. गोळ्या चालू असतानाही पोटात टिकून राहावं म्हणून मी मुद्दाम ते लिहिलं होतं. आणि या जुलाबांवर तो वाण तपासलेला आहे.”

शालूनं वही पुढे ओढली. “म्हणजे मोजायचं किती आहेत ते नाही. कोण आहेत, कशासाठी आहेत आणि पोटात पोचेपर्यंत जिवंत राहतील का, ते. बरोबर?”

“अगदी बरोबर. आणि आपलं पोट काही रिकामं घर नाही. तुझ्या अंगात जितक्या पेशी, साधारण तितकेच सूक्ष्मजीव राहतात, बहुतेक आतड्यांत. पाकिटातून येतात ते चार दिवसांचे पाहुणे. मदत करतात आणि बहुतेक निघून जातात. कायमच्या रहिवाशांना पोसायचं तर भाज्या, फळं, डाळी, कडधान्यं खायला हवीत. सगळ्यांना पाकिटाची गरजही नसते.”

मला एकच विचारायचं होतं. “बाई, मी तुमची पुडी दिली असती तर ही उद्या गेली असती का?”

बाईंनी सरळ सांगितलं, “नक्की गेली असती असं मी म्हणणार नाही. शक्यता वाढली असती एवढंच. काहींना पुडी घेऊनही त्रास होतो. आता ते कधीच कळणार नाही, आजोबा.”

ताऱ्यांचं बरं असतं. तारा विझला तरी त्याचा उजेड वर्षानुवर्षं येत राहतो. आपली चूक सुधारायला वेळ मिळतो. इथे तसं नव्हतं. मी शालूची माफी मागितली, सरळ हात जोडून. ती म्हणाली, “हात काय जोडताय आजोबा!” आणि मग माझ्या कुशीत शिरून इतकी रडली, इतकी रडली की माझा सदरा भिजला. राग आलाय का विचारलं तर मान हलवून ‘हो’ म्हणाली. बरं वाटलं मला. खरं बोलली.

सोमवारी सकाळी ती म्हणाली, “वेंगुर्ल्याला जाऊ या.” तिच्या एका हातात दहीपेटी होती आणि दुसऱ्यात घरच्या विरजणाची छोटी स्टीलची डबी. बंदरावर रोझलिन तिच्या आईबरोबर उभी होती, बावरलेली. आपण कुणाची तरी जागा घेतली हे तिला कळत होतं. शालूनं पेटी तिच्या हातात दिली.

“दूध कोमट झाल्याशिवाय घालू नकोस हां,” ती म्हणाली. “बोट बुडवून बघ.”

होडी निघून गेली. ती दिसेनाशी झाल्यावरसुद्धा शालू धक्क्यावरून हलेना. मीही तिच्या बाजूला उभा राहिलो. त्या होडीत एक जागा तिची होती.

तिसऱ्या दिवशी जलघरातून फोन आला. रोझलिन ओरडत होती, “शाल्मली! लागलं! दही लागलं!” शालू दोन्ही हात वर करून उडी मारून ओरडली, आणि लगेच तोंड फिरवून खिडकीशी गेली. दोन्ही खरंच होतं, आनंद आणि ते दुसरंही.

पेटी परत आली, पण डबी आली नाही. जलघरातल्या लोकांनी विरजण तिथेच ठेवून घेतलं. आता समुद्राच्या तळाशी रोज त्याचंच दही लागतं, आणि पुढे लांबच्या मोहिमांवरही ते न्यायचा त्यांचा विचार आहे. चंद्रावरसुद्धा नेतील एखाद दिवशी, कुणी सांगावं! त्यांनी शालूकडून वापराच्या सूचना लिहून मागवल्या. तिनं रात्रीच्या जेवणाआधी बसून त्या लिहिल्या आणि मला वाचायला दिल्या.

पहिलीच सूचना होती, ‘हे जिवंत आहे. दूध कोमट होईपर्यंत थांबा.’ आणि तिच्याखाली बारीक अक्षरांत, ‘का थांबायचं, ते आमच्या आजोबांना विचारा. ते पाऊण मिनिटात सांगतील.’

मी कागद तिला परत दिला. मग शेगडीवरचं दूध खाली उतरवलं, बोट बुडवून बघितलं आणि थांबलो.